मार्गरीतचे दोन नवरे

“जावयाच्या सात पिढ्या काढते की नाही बघा!” मेधाने पोळी तव्यावर टाकत जाहीर केलं. “तुमच्या घराण्याचा कुलवृत्तांत मी एकटीने टाईप केलाय. बडोद्याला पळालेले तुमचे काकासुद्धा शोधून काढले. आंद्रेचं घराणं म्हणजे एका रविवारचं काम!”

“अगं, ते काका पळाले होते ते सापडू नये म्हणूनच,” दिनकर सोफ्यावरून म्हणाला. पण मेधाने ऐकलं नाही. ऐकायचं नसलं की तिची पोळी हमखास फुगायची.

लेकीचा, चैत्रालीचा साखरपुडा तोंडावर आला होता. आंद्रे गोदे कॅनडाचा, इथे हॉलंडात डेल्फ्टला शिकायला आलेला. गुणी मुलगा, चालताना जरा झुलतो एवढंच. आडनाव ऐकून नागपूरच्या नणंदेने, वासंतीताईंनी, “गोडे? वर्ध्याचे का?” विचारून झालं होतं. वर्ध्याचे नव्हते! त्याचे पूर्वज अकेडियन; फ्रान्समधून कॅनडाच्या किनाऱ्यावर गेलेले, समुद्राला बांध घालून शेती करणारे लोक. पावणेतीनशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी त्यांची गावं जाळली, माणसं जहाजांत कोंबली आणि देशोधडीला लावली. नवरा एका जहाजात, बायको दुसऱ्यात! हे वाचताना मेधाची आमटी दोनदा करपली.

लग्नानंतर पोरं कॅनडालाच राहणार होती. तिथे शब्द चालायचा तो आंद्रेच्या आजीचा. तिला सगळे मेमेर म्हणत. ती साखरपुड्याला येणार होती आणि ‘एखादं माणूस नाही आवडलं तर ती तोंडावर सांगते,’ हे आंद्रेनेच घाबरत सांगितलं होतं. मेधाला धास्ती होती ती या मेमेरची. एवढ्या लांब पोर जाणार, तिला तिकडे कुणीतरी आपलं म्हणायला नको? आधी आपण त्यांना आपलं म्हणू, मग बघू म्हातारी कशी तोंड फिरवते!

आंद्रेला विचारलं तर वंशवृक्षाचं सरप्राईज फुटणार, म्हणून मेधा एकटीच इंटरनेटवर घुसली. मेधाच्या उइटहॉर्नच्या घरात पोळ्या बंद, ब्रेड सुरू! अखेर एका किनाऱ्यावर उतरलेल्या लोकांच्या यादीत पूर्वज सापडला. बायको मार्गरीत, चार पोरं, आणि नवऱ्याच्या जागी ‘पिएर गोदे डी-आय-टी कानार’.

फ्रेंचचं मेधाला ओ की ठो कळत नव्हतं. पण डी-आय-टी? दिट? हा तर रोजचा डच शब्द! दिट म्हणजे ‘हा’, ‘हे’. सुपरमार्केटात बोट दाखवून “दिट, दिट!” करतच तिने इथलं पहिलं वर्ष काढलं होतं.

“अहो, लिहिणारा कारकून डच होता!” ती ओरडली. “बोट दाखवून लिहिलंय त्याने. पिएर गोदे, हा कानार. दोन माणसं!”

“आणि बायको?”

“बायको एकच.”

दिनकरने फोनमधून मान वर काढली. मग पुन्हा खाली घातली, काहीतरी शोधलं. “कानार म्हणजे बदक गं. बदक आडनाव असतं का कुणाचं?”

“का? आपल्यात कोल्हे, लांडगे, उंदरे चालतात, त्यांच्यात बदक चालत नाही?”

दिनकर पुन्हा फोनमध्ये शिरला.

पुढचा पुरावा तर रडवणारा होता. गावात असताना मार्गरीत ‘गोदेची बायको’. जहाजावर ‘कानारची बायको’. मेधाच्या डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं: गोदे ताटातुटीत हरवला, तो मेला समजून बिचारी कानारची झाली, आणि किनाऱ्याला लागते तर समोर गोदे! आता हाकलायचं कुणाला? पोरं तर कानारनेच सांभाळलेली. राहिले तिघं एकत्र!

तिने नाक पुसत वासंतीताईंना फोन लावला. “ताई, कुणाला सांगू नका हं.”

“मी कशाला सांगू?” वासंतीताई म्हणाल्या आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या खानदानाच्या ग्रुपवर बातमी फिरली: ‘चैत्रालीच्या सासरी दोन नवरे करायची रीत आहे म्हणे. आंद्रेला भाऊ आहे का, वेळीच बघून घ्या!’

साखरपुडा घरामागच्या बागेत होता. कुंपणाला फ्लेक्स बांधलेला. त्यावर वंशवृक्ष, मधोमध मार्गरीत आणि गजलक्ष्मीच्या दोन हत्तींसारखे दोन्हीकडे दोन नवरे! वरचा पडदा पाहुणे आल्यावर काढायचा होता.

मेमेर आली. बुटकी, गोल, हातात काठी, डावी-उजवीकडे झुलत. तिने बागेमागचा बांध न्याहाळला, मग मेधाला न्याहाळलं. चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा हलली नाही.

आता नाही तर कधी! मेधाने पडदा ओढला आणि इंग्रजीत भाषण ठोकलं. “मेमेर, तुमच्या मार्गरीतला आमच्या घरात कुणी नावं ठेवणार नाही! दोन नवरे तर दोन! आम्हाला एक सांभाळताना नाकी नऊ येतात!”

टेबलावरच्या फोनमधून, नागपुराहून, वासंतीताईंनी टाळ्या वाजवल्या. त्या एकट्यांनीच.

“आई!” चैत्राली किंचाळली. “व्हॉट टू हजबंड्स?”

“अगं हा गोदे, आणि हा कानार. दिट!”

मेमेर उठली. फ्लेक्सपाशी गेली. काठीने एक नवरा ठोकला, मग दुसरा ठोकला.

“हा आणि हा एकच! दिट नाही, दी! दी म्हणजे ‘म्हणतात’. पिएर गोदे, ज्याला कानार म्हणतात! आमच्याकडे गल्लोगल्ली पिएर गोदे. ओळखायचं कसं? हा बदकासारखा चालायचा!” आणि तिने चालून दाखवलं. दाखवायची खरं तर गरज नव्हती. शेजारी आंद्रे मुकाट्याने खाली बसला.

“उर्फ!” दिनकर कळवळला. “अगं, उर्फ! आमच्या कुलवृत्तांतात पानोपानी टाईप केलास की!”

धरणीने पोटात घ्यावं असं मेधाला वाटलं. पण इथली धरणी समुद्राहून खाली. दुभंगली असती तर पाणीच वर आलं असतं!

“एक सांग,” मेमेरने डोळे बारीक केले. “दोन नवरे, हे तुला खरं वाटलं होतं? तरी मुलगी देणार होतीस?”

“हो,” मेधा पुटपुटली. “तिचं सगळं जळालं होतं हो. एवढ्यातून दोन माणसं उरली असती तिला, तर वाईट काय होतं?”

मेमेरने काठी कुंपणाला टेकवली. मग म्हणाली, “पेन!”

आंद्रेने जाड मार्कर आणून दिला. फ्लेक्सच्या तळाशी, चैत्रालीच्या नावाच्या वर, कंसातल्या ‘मेधा’पुढे तिने दणदणीत अक्षरात काहीतरी लिहिलं. “आमच्यात माणूस घरचं झालं की त्याला ‘दी’ मिळतो,” म्हणाली, आणि वळून चैत्रालीच्या तोंडात बचकभर साखर कोंबली.

“मेधा दी दोन-नवरे!” आंद्रे वाचून दाखवताना हसून लोळायचा बाकी राहिला. मेधा मात्र रडत होती. हसतही होती. चष्मा पुसायला तिने हातातला पडदाच घेतला.

आता कॅनडाच्या त्या किनाऱ्यावर तिला याच नावाने ओळखतात. नाताळाला शुभेच्छाही त्याच नावाने आल्या. दिनकरने त्या नीट वाचल्या, चहा संपवला, खिडकीबाहेर बघितलं. पाऊस, वारा, आणि शेजाऱ्यांचे कचऱ्याचे डबे रस्त्यावर रांगेत.

“मेधा,” तो सोफ्यावर पाय वर घेत म्हणाला, “आज डबा त्या दुसऱ्या नवऱ्याला बाहेर ठेवायला सांग!”

मेधाने रेनकोट चढवला.