मे महिन्यातली हुडहुडी

कतारगामात भाईदास शेठच्या कारखान्यात लूम चालवणाऱ्या दगाला दर श्रावणात मलेरिया व्हायचा, आणि तो खान्देशात गावी गेल्याशिवाय काही केल्या उतरायचा नाही. सरळ तोंडानं मागितली तर शेठ रजा द्यायचा नाही, मग माणसानं करायचं तरी काय! बायकोनं, शोभाबाईनंच त्याला थंडी भरल्यासारखं कापायला शिकवलं होतं. आधी दात, मग खांदे, मग गुडघे.

यंदा मात्र घोळ झाला. भाची हर्षदाचं लग्न निघालं ते भर मे महिन्यात. पोरीला बाप नव्हता. पाठीशी उभा राहायला एवढा एकच मामा.

"मामाबिगर लगीन कसं व्हई?" शोभाबाई म्हणाली. "घ्या गोधडी!"

गोधडी पांघरून कापत आलेल्या दगाला पाहून शेठ खो खो हसला. "मे महिनामां मलेरिया? अरे, आ तडकामां मच्छर जीवेज नहीं!"

शहरात प्लेग येऊन गेल्यापासून महापालिकेची माणसं डास आणि ताप शोधत गल्लोगल्ली फिरत. त्यांतल्या रघुनाथला शेठनं हाक मारली. तो मराठवाड्याचा, कामाला चोख.

"शेठचं खरं हाय," दगाच्या बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घेत तो म्हणाला. "पावसाळ्यात अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस. थंडीत तेच रखडतं, वीस-पंचवीस दिवस घेतं. अन् ह्या उन्हात डासच मरतो, अंडी कवा घालणार? कुठं गार, ओली जागा असंल तरच."

गार जागा! दगाचं कापणं थांबलं. रोज दुपारी तो शेठच्या केबिनमागे, कूलरच्या ओलाव्याला पडत असे.

"रघुनाथभाऊ, त्या कूलरमधी बघा ना!"

झाकण निघालं. आत अळ्या मजेत वळवळत होत्या. बाहेर बेचाळीस अंश, आणि इथे त्यांचा श्रावण! रघुनाथनं खिशातून नोटिसांचं पुस्तक काढलं. शेठचा चेहरा पार उतरला.

"दगाभाई," तो एकदम मऊ झाला, "तू गाम जा. आठ दिवस आराम कर."

दगानं रघुनाथच्या रिपोर्टाची वाटसुद्धा पाहिली नाही. कशाला पाहील? आजार आपला घरचाच होता.

लग्न भर दुपारी लागलं. मांडवात माणसं घामानं निथळत होती. अंतरपाटाआड हर्षदा उभी राहिली, तिच्या मागे दगा. पोरीनं मान वळवून एकदा मामाकडं पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले. तेवढ्यात त्याचे दात वाजले. मग खांदे. मग गुडघे. थंडी थेट हाडात शिरली. तरी पोरीच्या पाठीवरचा हात त्यानं काढला नाही.

बहीण अनुसयानं पदर डोळ्यांना लावला. "देखा व माय, मन्हा भाऊ कसा कापी रह्यना! केवढी माया!"

"शोभा," दगा कण्हला, "गोधडी दे व..."

शोभाबाईनं अक्षता टाकता टाकता त्याला कोपरानं ढोसलं. "पुरे करा ना आता! सुट्टी भेटी गई ना!"