के२२ म्हणजे काय?

वर्तकनगरच्या 'समाधान' सोसायटीच्या ग्रुपवर सोमवारी सकाळी बिल्डरच्या ऑफिसातून पुनर्विकासाची एक फाईल आली. नाव, व्हीएन_बी_के२२_फायनल_नवीफायनल. सोसायटीने ती तातडीने विचारार्थ घेतली. म्हणजे तिचं नाव.

व्हीएन म्हणजे वर्तकनगर आणि बी म्हणजे बी विंग, इथवर एकमत झालं. गाडी अडली ती के२२ पाशी. तहसील कचेरीतून निवृत्त झालेले शिवरामपंत म्हणाले, "कलम बावीस. सरळ आहे."

"कलमाला के, मग कोथिंबिरीलाही के," दीप्ती म्हणाली. "किचन असणार. बावीस फुटी."

तळमजल्यावरच्या केशरबाई काठी टेकत आल्या. गुडघे गेलेले, नव्या इमारतीतही घर तळालाच मिळावं, एवढंच त्यांचं मागणं.

"अरे, ती उघडून बघा ना, माझं घर खालीच आहे का ते."

सगळ्यांनी आपापले फोन मागे घेतले.

"आजी, उघडली की वाचली असं धरतात," सेक्रेटरी साईनाथ समजुतीने म्हणाला. "वाचली की मान्य केली असं धरतात. शीळफाट्याला एकाने उघडली, दुसऱ्या दिवशी त्याच्या हॉलमधून रस्ता गेला."

"आणि तो रे?"

"तिथेच राहतो. सिग्नल पडला की जेवतो."

हे मी स्वतः ऐकलंय; खोटं असेल तर माझं पार्किंग जावो.

मंगळवारी नामार्थनिर्णय उपसमिती नेमली गेली. दोन फायनलांतली खरी कोणती, यावरून बुधवारी तिचीही उपसमिती झाली. शुक्रवारी केशरबाईंनी फाईलवर बोट ठेवायला घेतलं, तर शिवरामपंतांनी फोनच काढून घेतला. "वहिनी, अख्ख्या विंगचा प्रश्न आहे."

रविवारी रात्री मुदत संपली, हे सोमवारी बिल्डरचा माणूस पेढे घेऊन आला तेव्हा कळलं.

"फाईलमध्ये लिहिलेलं ना, रविवारपर्यंत हरकत आली नाही तर मंजूर. एकही नाही आली. अशी एकी आख्ख्या ठाण्यात नाही बघितली."

"आणि के२२?" शिवरामपंतांनी विचारलं.

"केशरबाई, बाविसावा मजला. खाली शोरूम आहे. आजींनी नुसतं कळवलं असतं तरी बदललं असतं."

केशरबाईंनी पेढा तसाच ठेवला. "लिफ्ट तरी आहे ना, बाबा?"

"त्याची वेगळी फाईल आहे. आत्ताच टाकली."

सगळ्यांनी फोन काढले. व्हीएन_बी_एल०_फायनल. शिवरामपंतांनी चष्मा पुसायला घेतला.

तुम्हाला हसू येतंय, येऊ द्या. पण एल० म्हणजे काय असेल, याचा अंदाज तुम्हीही आत्ता मनातल्या मनात बांधलात ना? मग या. उपसमितीत एक जागा रिकामी आहे.