दाजी आणि विनातिकीट प्रवासी

दाजींच्या घरी जायचं तर फाटकापाशी आधी साडी झाडावी लागते. पुरुषांनी लेंगा. मिठबावात हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि नवख्या माणसाला दाजी पायरीवरूनच ओरडून सांगतात, "आदी झाडून घेवा! माज्या गाडयेत विनातिकीट चलाचा नाय!" सत्यनारायणाला आलेल्या भटजींनाही सोवळं झाडूनच आत यावं लागलं होतं.

विनातिकीट म्हणजे कोंबड्यांच्या अंगावरचे किडे. खसखशीहून बारीक, आणि रक्त प्यायले की लाल. दिवसा खुराड्याच्या फटींत दडतात, अंधार पडला की कोंबड्यांवर चढतात. दाजी एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन कैक वर्षं झाली, पण बस काही त्यांच्या अंगातून उतरली नाही. तिन्हीसांजेला कोंबड्या खुराड्यात शिरू लागल्या की आमच्या ओटीवर ऐकू येतं, "आत सरका, आत सरका! दारात कोण उभो रवलो तो?" तो बहुधा त्यांचा कोंबडा असतो. सगळे आत गेले की फळीवर दोनदा टकटक होते आणि मगच दार लागतं.

मी त्यांची शेजारीण. लग्न होऊन या वाडीत आले तेव्हा मी त्यांना हसायचे, आता मनातल्या मनात हात जोडते. रोज सकाळी हा माणूस पांढरंशुभ्र फडकं घेऊन खुराड्यातल्या दांड्या खालून पुसतो. फडक्यावर एक लाल रेघ उठली की त्यांची झोप उडाली म्हणून समजा. चुलीवर हंडा चढतो, फटीफटींत उकळतं पाणी जातं, मग कडुनिंबाचं तेल, मग चाळलेली राख. एकेका कोंबडीची पिसं फुंकर मारून उलटायची आणि शेपटीखालीसुद्धा बघायचं. आणि माझ्या हाती कधी न लागणाऱ्या त्या कोंबड्या दाजींपुढे पंख पसरून उभ्या राहतात! माझी मुलं नखं कापून घ्यायला इतकी शहाण्यासारखी कधी बसली नाहीत.

एवढी कडक तपासणी असूनही गेल्या उन्हाळ्यात घोटाळा झालाच. काबरी कोंबडी रवणीला, म्हणजे अंडी उबवायला बसणार होती. दाजींची रवणीची टोपली फाटलेली. मग ते धामापूरला बहिणीकडे जाऊन तिची जुनी टोपली घेऊन आले. त्या टोपलीत म्हणे एकही अंडं कधी वाया गेलं नव्हतं. अशी यशाची टोपली झाडायची नसते, झाडली तर यशही झडून जातं, असं बहिणीनं बजावलं होतं. अख्ख्या गावाला झाडायला लावणाऱ्या दाजींनी टोपली तेवढी झाडली नाही, आणि नेमके तिच्याच विणीत किडे दडलेले.

रवणीवरच्या कोंबडीला हात लावायचा नसतो, म्हणून पिल्लं बाहेर यायला आली तेव्हा कुठे ते लक्षात आलं. काबरीचा तुरा पांढुरका पडला होता. किडे तिला पीत होते आणि ती उठत नव्हती. रवणीची कोंबडी तशीच, जिवावर बेतलं तरी अंडी सोडत नाही. तिला तिथंच ठेवावी तर ती मरणार, उठवावी तर अंडी गार पडून पिल्लं मरणार. दाजींचा चेहरा मला बघवेना.

"तपासणारोच फुकट्यांका घेवन इलो गो," एवढंच ते म्हणाले.

मग त्यांनी सदरा काढला. मला काही कळेना. ओटीवरच्या खुर्चीत मागे रेलून त्यांनी एकेक अंडं पुसून आपल्या उघड्या पोटावर ठेवलं आणि वरून पंचा गुंडाळला. "तू काबरीक घे. राख चोळ, सावकाश. गवात जाळ, टोपली पण जाळ. मी हंय बसलंय."

मी यशाची टोपली जाळली, काबरीच्या पिसापिसांत राख चोळली, तिला पाणी पाजलं, भात भरवला. तोवर दाजी हलले नाहीत. पुसूनही अंड्यांवर राहिलेले किडे आता त्यांनाच चावत होते, पण हात वर करून त्यांनी एकदाही खाजवलं नाही. मला खाज सुटली, त्यांना नाही! तेवढ्यात सरपंच मुलीच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन आले. दाजी बसल्या जागेवरून म्हणाले, "आज उठाक जमाचा नाय. रवणीर आसंय." सरपंचांनी एकदा पंच्याकडे पाहिलं, अक्षता खुर्चीच्या हातावर ठेवल्या आणि लेंगा झाडत निघून गेले.

माझ्या घरच्या टोपलीत नवं गवत घालून मी काबरीला बसवलं आणि एकेक अंडं परत तिच्याखाली ठेवू लागले. शेवटच्या अंड्याला दाजींनी मला थांबवलं.

"रव. ह्यात कोण तरी ठोकता. हात लाव, बग."

मी हात लावला. कवचाच्या आत खरंच कुणीतरी टकटक करत होतं.

"वत्सलेन असाच सांगल्यान," दाजी म्हणाले. "पोटात पोर हलता, हात लाव म्हणा होती. मी म्हटलंय, पयली गाडी चुकतली, सांजेक लावतंय."

दाजींना मूलबाळ नाही, एवढंच आम्हाला माहीत होतं. त्यांच्या बायकोला, वत्सलाकाकींना जाऊनही पुष्कळ वर्षं झाली. दाजींनी हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

"सांजेक घराक इलंय, तेवा पोटातला सगळा संपलेला."

मी ते अंडं नेऊन काबरीपाशी ठेवलं. तिनं चोचीनं आत ओढून घेतलं आणि पंख पसरून डोळे मिटले. वाचणार होती ती.

"दाजी, उठा आता," मी म्हटलं. "पोटावर गांधी उठल्यात, तेल लावा."

ते उठले नाहीत. पंचा रिकामा झाला होता, तरी दोन्ही तळहात त्यावर तसेच ठेवून ते बसून राहिले.

"बसतंय जरा," दाजी म्हणाले. "हंय अजून ऊब आसा गो."