स्थायी अनुयायी

जबलपूरच्या सदर बाजारातल्या एका केंद्रात सकाळी सात ते नऊ या वेळात नैसर्गिक नेतृत्व शिकवलं जाई. रविवारी नैसर्गिकपणाला सुट्टी असे. केंद्र चालवणारे नरहर सर सैन्यात कधी नव्हते. पण छावणीच्या शेजारी चाळीस वर्षं राहून त्यांची पाठ आपोआप ताठ झाली होती.

समिधा भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून इथे आली, तेव्हा वयाच्या अटीमुळे लष्करी अधिकारी होण्याची तिची एकच संधी उरली होती. दोन महिन्यांनी निवड मंडळापुढे उभं राहायचं होतं. तिथे उमेदवारांच्या गटाला एक फळी आणि दोर देतात, आणि चुन्याने आखलेला 'नाला' सामानासकट पार करायला सांगतात. गटाला पुढे कोण नेतं, ते अधिकारी बाजूला उभे राहून पाहतात.

केंद्रात तोच सराव चाले. सर शिट्टी वाजवत आणि दहाही उमेदवार एकदम म्हणत, "दोस्तों, मेरे पास एक योजना है." दहा योजना सांगून होईपर्यंत नऊ वाजत. अकराव्या दिवशी समिधाने फळी उचलून पाहिली, तर खालचं गवत पिवळं पडलेलं. तिने तारखेसह वहीत नोंद केली आणि सरांना दाखवली.

सरांनी तत्काळ परिपत्रक काढलं: रोज पाळीने एक जण अनुयायी राहील. पहिल्याच दिवशी ज्याची पाळी, त्याला ताप आला. दुसऱ्या दिवशी प्रतीकच्या मावशीचं लग्न निघालं. पियूषने तर बरगी गावच्या काकांकडून आजारपणाचा दाखला आणला. काका गुरांचे डॉक्टर होते, पण शिक्का स्पष्ट असल्याने दाखला ग्राह्य धरला गेला. आपल्या पाळीला हजर राहिली ती एकटी समिधा. त्या हजेरीच्या आधारे तिला 'स्थायी अनुयायी' नेमण्यात आलं.

नऊ नेते तिला नऊ दिशांना जायला सांगत. ती फळी उचले, गाठ मारी, आणि फळी पडली तर का पडली ते लिहून ठेवी. घरी आईने तिच्या हातांवरचे घट्टे पाहिले.

"काहून गं, तुला नेता नाही बनवून राहिले का ते? फळ्याच उचलायच्या तर घरचा पलंग सरकव ना."

समिधाने एक दिवसाचं नेतृत्व मागितलं. "बेटा, अर्ज नेत्यामार्फत यायला हवा," सर म्हणाले. अर्ज नऊही नेत्यांकडे फिरला. प्रत्येकाने शेरा मारला: 'शिफारस आहे, मात्र मूळ कल्पना माझी.' अर्ज परत आला, तेव्हा निवडीला जाणारी तिची गाडी सुटायला दोन तास होते.

निवडीच्या मैदानावर आठ गावांच्या आठ केंद्रांतून आलेले आठ उमेदवार उभे होते. शिट्टी वाजली आणि सात जण एकदम म्हणाले, "दोस्तों, मेरे पास एक योजना है." आठव्या समिधाला ते वाक्य आता आठवेना. सवयीने तिने फळी उचलली, नाल्याला लावून पाहिली. वीतभर कमी पडत होती.

"भैया, जरा दूसरा सिरा पकड़ना," शेजारच्याला ती म्हणाली. त्याने फळीचं दुसरं टोक पकडलं. दोर बांधला गेला, वीतभराची तूट भरून निघाली. बाकीचे बोलत बोलतच पलीकडे पोचले. अधिकाऱ्याने कागदावर काहीतरी लिहिलं.

समिधाची निवड झाली. केंद्राच्या दारावर तिचा भलामोठा फोटो लागला: 'आमची नैसर्गिक नेता'. मूळ फोटोत तिच्या खांद्यावर फळी होती. ती सरांनी कापून टाकली. मात्र सर काळाबरोबर चालणारे. त्यांनी 'नैसर्गिक फळी-उचल' हा नवा वर्ग काढला. चाळीस जणांनी नाव घातलं.

प्रशिक्षणाला निघण्याआधी समिधा पेढे घेऊन गेली, तेव्हा एकोणचाळीस जण एकाच फळीला धरून फाटकात जागच्या जागी गोल फिरत होते. कुठे न्यायची हे सांगायला कुणीच तयार नव्हतं. सरांनी नेत्याची पाळी लावली होती. त्या दिवशीचा नेता तापाने आजारी होता.

नऊ वाजले. वर्ग संपला तशी सगळ्यांनी फळी आहे तिथेच, फाटकात सोडली. त्या दिवशी ती समिधाने उचलून आत ठेवली. आता समिधा गेली आहे, आणि फळी फाटकातच आडवी पडलेली आहे. येणारे-जाणारे ओलांडून जातात आणि कुणीतरी ही उचलायला हवी, असं एकमेकांना सांगतात.

ती उचलायला नेमकं कुणाला सांगावं, हे तुम्हालाही एव्हाना सुचलं असेल, तर सरांकडे प्रवेश अजून सुरू आहेत.