बेलफास्टची तीन तिकिटं

आमच्या ऑफिसात सोमवारी सकाळी चहाच्या वेळी एकच विषय असतो, शनिवारची मॅच. कुणाचं रग्बी असतं, कुणाचं हर्लिंग, कुणाचा फुटबॉल. गेली नऊ वर्षं मी "ग्रँड मॅच" एवढंच म्हणून वेळ मारून नेत होतो. ऑक्टोबरात एका सोमवारी कुणीतरी विचारलं, "कुठली?" आणि मी पुरता उघडा पडलो. त्याच दुपारी मी ठरवलं, आपणही एका खेळाचा भक्त व्हायचं. फक्त खेळ असा हवा की ऑफिसात त्यातलं कुणाला ओ की ठो कळत नसेल. (उलटतपासणी घेणारा समोर नसला की माझ्याइतका जाणकार शोधून सापडायचा नाही.) अशा रीतीने मी आइस हॉकीवर प्रेम करू लागलो.

व्यावसायिक आइस हॉकीचा आमच्या सगळ्यात जवळचा संघ बेलफास्टचा. डब्लिनमधल्या आमच्या ब्युमॉन्टच्या घरापासून गाडीने दोन तास. मी त्यांच्या मॅचेस लॅपटॉपवर बघू लागलो आणि पंधरा दिवसांत इतरांना शिकवू लागलो. प्रमोदिनी, म्हणजे माझी बायको, इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. बारा तासांची ड्युटी करून ती जेवायला बसली की मी मिठाची बरणी गोलकीपर करून, लिंबाची फोड तिच्या ताटाकडे सरकवत ऑफसाइड समजावून सांगायचो. तेरा वर्षांची ज्ञानदा कानात इअरफोन घालून जेवायची. शेजारच्या नोरीनबाई, वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षिका. त्यांना मी कुंपणावरून पेनल्टीचे प्रकार सांगायचो आणि त्या कपडे वाळत घालता घालता "इज दॅट सो?" म्हणायच्या. मला तो उत्साह वाटायचा.

मग डिसेंबरातल्या एका शनिवारची तीन तिकिटं काढली, थेट काचेला लागून पहिली रांग. पाठीवर माझं नाव असलेली जर्सी मागवली. महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी "आता फक्त चौदा दिवस", "आता फक्त तेरा दिवस" असं टाकू लागलो. मॅचचं थेट वर्णन प्रत्यक्ष मैदानावरून पाठवीन, असंही जाहीर करून बसलो.

अकरा दिवस राहिले तेव्हा प्रमोदिनीने कपड्यांच्या घड्या करता करता विचारलं, "शिरीष, तुझा व्हिसा आला?"

मी म्हटलं, कसला व्हिसा, आपण काय अमेरिकेला निघालोय? रस्ता एक, गाडी एक, पाट्यांवरचे किलोमीटर जाऊन मैल येतात एवढीच काय ती सरहद्द.

"पलीकडे ब्रिटन लागतं," ती म्हणाली. "माझा आणि ज्ञानदाचा पासपोर्ट आयरिश आहे. तुझा भारतीय."

इथे थोडा खुलासा करणं भाग आहे. दोन वर्षांपूर्वी या दोघींनी आयरिश नागरिकत्व घेतलं तेव्हा मी घेतलं नाही. मंडळाच्या स्नेहसंमेलनात मी त्यावर दहा मिनिटं बोललो होतो. मातृभूमी, मातीचा वास, निळा पासपोर्ट काळजाशी, असं बरंच काही. दोन काकूंनी डोळे पुसले. खरं कारण एवढंच, की अर्जाला दरवर्षीचे राहिल्याचे पुरावे लागतात आणि माझे कागद वरच्या प्रेसमध्ये (इथे कपाटाला प्रेस म्हणतात) इस्त्रीच्या टेबलामागे कुठेतरी पडले होते. शिडी कोण लावणार? प्रमोदिनी दर रविवारी आठवण करून द्यायची आणि मी दर रविवारी देशभक्त व्हायचो.

व्हिसाला तीन आठवडे लागतात असं कळलं. मी मंडळाचा सेक्रेटरी उपेंद्र याला फोन केला. तो म्हणाला, तपासणी कधीतरीच होते, बिनधास्त जा. मी ते प्रमोदिनीला ऐकवलं.

"जा की," ती म्हणाली. "पकडलं तर मात्र मी सोडवायला येणार नाही. मी मॅच बघत असेन."

शनिवारी दुपारी ती गाडी काढून निघाली. मागे ज्ञानदा, आणि पुढच्या सीटवर, माझ्या सीटवर, नोरीनबाई. थंडी फार म्हणून प्रमोदिनीने माझी जर्सी त्यांना दिली होती. ती त्यांना माझ्यापेक्षा चांगली बसली होती, हे मला कबूल करावं लागतं. गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि मला खरोखर रडू आलं. इतके दिवस मी खेळाच्या नावाने ढोंग करत होतो, पण त्या क्षणी ते प्रेम खरं झालं होतं.

तरी ग्रुपवर शब्द दिलेला होता. मी थर्मल घालून, लॅपटॉप लावून सोफ्यावर बसलो आणि लिहायला सुरुवात केली. "काय गारठा आहे इथे." "बर्फाचे कण अंगावर उडताहेत." धडाधड अंगठे येऊ लागले. अकराव्या मिनिटाला बेलफास्टने पहिला गोल केला. मी तत्परतेने टाकलं, "गोल. डोळ्यांसमोर."

उपेंद्रचा लगेच प्रश्न आला. "शिरीष, वहिनींनी हा गोल चाळीस सेकंदांपूर्वीच टाकलाय. तुझ्या रांगेत उशिरा पोचतो का?"

ग्रुपवरचे आधीचे मेसेज वर सरकवून पाहिले. लॅपटॉपवरची मॅच चाळीस सेकंद मागे चालत होती, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. प्रमोदिनीच्या मेसेजखाली फोटोही होता. काचेला नाक लावून तिघी हसताहेत आणि मधल्या बाईंच्या अंगावर माझी जर्सी. मी फोन उशीखाली ठेवला आणि उरलेली मॅच आवाज बंद करून पाहिली.

रविवारी सकाळी पोहे खाताना ज्ञानदाला विचारलं, कशी झाली मॅच, ऑफसाइड कळला का, मी नसल्यामुळे अडलं असेल ना?

"इट वॉज ग्रँड, बाबा," ती म्हणाली. "नोबडी वॉज एक्सप्लेनिंग."

मी उठलो, शिडी लावली, प्रेसमधून नऊ वर्षांचे कागद खाली काढले. शिंका देत दुपारपर्यंत नागरिकत्वाचा अख्खा अर्ज भरला आणि विजयी मुद्रेने प्रमोदिनीपुढे ठेवला. तिने पानं सावकाश चाळली, नीट जुळवली आणि गठ्ठा परत माझ्या हातात दिला.

"सावकाश पाठव रे, काही घाई नाही," ती फार प्रेमाने म्हणाली. "आम्ही उरलेल्या मोसमाची तिकिटं काढलीत. तिघींची."