जागच्या जागी

"आई, दोन तासांत तुमचा कॉम्प्युटर नवाकोरा करून देतो," जावईबापूंनी सांगितलं. त्यांचा आत्मविश्वास दांडगा होता. निदान काम सुरू होईपर्यंत तरी तो कधी कमी पडला नव्हता.

सासूबाई निवृत्त ग्रंथपाल. वापरलेली वस्तू लगेच जागच्या जागी गेली पाहिजे, हा त्यांचा खाक्या. वाचनालयातल्या चार हजार पुस्तकांची यादी त्यांनी तीन वर्षं खपून टाइप केली होती आणि आज पाच वाजता ती छापून द्यायची होती.

"यादी काढून घेतलीत ना? मी जुनी डिस्क पुसून तिच्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही नवी प्रणाली टाकणार."

"कधीच घेतली. मागे पेनड्राइव्ह लावलाय, त्यात आहे."

बाराच्या सुमारास लिनक्स झोकात सुरू झालं. जावईबापू कॉम्प्युटर बंद करून ऐटीत जेवायला गेले. परत येऊन बघतात तो काळा पडदा, आणि त्यावर हवी ती डिस्क सापडत नसल्याची तक्रार.

"किरकोळ आहे," असं म्हणून त्यांनी सगळी सेटिंग उलटीपालटी केली. मग टेबलाखाली शिरून वायरी काढल्या, फुंकर मारली, परत खोचल्या. तेवढ्यात यादी छापायला आलेल्या सासूबाई मागे जरा खुडबुड करून, "तुमचं चालू द्या, मी नंतर येते," म्हणाल्या. जावईबापूंनी बटण दाबलं आणि लिनक्स सुरू झालं.

"वायरच होती," ते गरजले आणि कॉम्प्युटर बंद करून चहाला गेले. चहानंतर पुन्हा काळा पडदा.

साडेचार वाजले. सासूबाई आल्या, त्यांनी खणातून पेनड्राइव्ह काढून मागे लावला आणि बटण दाबलं. लिनक्स सुरू झालं.

"आई, हा खणात कसा?"

"तुम्ही कॉम्प्युटर बंद केलात की मी काढून ठेवते. दुपारीही ठेवला, चहाच्या वेळीही ठेवला."

सकाळी लिनक्स कुठे टाकायचं असं कॉम्प्युटरने विचारल्यावर जावईबापूंनी न वाचताच पहिलं नाव ठोकून दिलं होतं. ते नाव पेनड्राइव्हचं होतं. लिनक्स तिथे जाऊन बसलं होतं, तिथलं सगळं पुसलं गेलं होतं आणि सुरू होताना कॉम्प्युटर आता दर वेळी पेनड्राइव्हच शोधत होता.

त्यांनी लगेच जुनी डिस्क उघडून पाहिली. तिला धक्काही लागला नव्हता. चार हजार पुस्तकं शिस्तीत उभी होती.

"आई, माझं चुकलं. तुमची पेनड्राइव्हमधली यादी मी पुसली. पण ही मूळ यादी शाबूत आहे." मग त्यांना सहज शंका आली. "तुम्ही ती पेनड्राइव्हमध्ये घेतली कशी?"

"पडद्यावरचं ते छोट्या बाणाचं चित्र उचलून त्यात टाकलं."

बाणाचं चित्र म्हणजे नुसता शॉर्टकट, यादीचा पत्ता तेवढा. ठरल्याप्रमाणे जावईबापूंनी जुनी डिस्क पुसली असती, तर तीन वर्षांची मेहनत पाण्यात गेली असती. त्यांनी हे अगदी हळू आवाजात सांगितलं.

सासूबाईंनी यादी छापून घेतली आणि एका चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात 'हलवू नये' असं लिहून ती पेनड्राइव्हवर चिकटवली. आयुष्यात पहिल्यांदाच त्या वापरलेली वस्तू खणात न ठेवता खोलीबाहेर पडल्या.