बाकड्यावरचा जगज्जेता

"जिवंत माणसाच्या नावाचं बाकडं करू नये," मॉरीन मावशी म्हणाली. "बाकड्यावर नाव आलं की माणूस गेला."

"मावशी, लोक शिकलेत आता. काय लिहिलंय ते वाचतील ना," असं म्हणून हेदरने कडेवरच्या लेकीच्या, एल्सीच्या, तोंडातून मावशीच्या चष्म्याची काडी काढून घेतली.

लोकांनी वाचलं. अडचण तिथूनच सुरू झाली.

हेदरचा थोरला भाऊ ग्लेन हॅकशॉ हा हेवीवेट मुष्टियुद्धातला जगज्जेता. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावरच्या त्या लहान गावाने जगाला दोनच गोष्टी दिल्या होत्या, खारवलेला मासा आणि ग्लेन. आणि दोन्हींत मासा जास्त टिकाऊ, असं जुन्या लोकांचं मत होतं. कारण ग्लेन सारखा निवृत्त व्हायचा. दर वेळी सूट घालून, रडून. पहिल्या वेळी सगळं गाव त्याच्याबरोबर रडलं. चौथ्या वेळी बेकरीवाल्याने केकवर तारीख घालायला नकार दिला.

हेदरला मात्र यात हसू येत नसे. मागच्या लढतीनंतर ग्लेन शेगडीवर किटली ठेवून फिरायला निघून गेला होता. एकदा तर विकून टाकलेल्या जुन्या घराच्या दारात किल्ली फिरवत उभा राहिलेला तिला सापडला. डोक्यावर आता एकही ठोसा नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि नेमके आता रियाधहून लढती भरवणाऱ्यांचे फोन यायला लागले होते. एक शेवटची लढत. रविवारी सांगतो, असं ग्लेनने त्यांना कळवलं होतं. हेदर रात्री एल्सीचा श्वास चालू आहे ना ते बघायला उठायचीच. आता ती खिडकीपाशी जाऊन रस्त्यापलीकडे भावाकडचा दिवा विझला का तेही बघायला लागली.

तोंडाने जाहीर केलेली निवृत्ती तोंडानेच मोडता येते. पण ओकच्या लाकडात कोरलेली? रोज दारातून बाहेर पडलं की समोर दिसणारी? म्हणून तिने समुद्राकाठच्या रस्त्यावर, ग्लेनच्या निळ्या दारासमोर, बाकडं बसवायची परवानगी काढली. मजकूर साधा होता, नाव आणि रिंगणातली वर्षं: 'ग्लेन हॅकशॉ, जगज्जेता, २००५–२०२३.'

बाकडं केलं सिरिल सुताराने. गेलेल्यांच्या आठवणीत बसवलेली सगळ्या किनाऱ्यावरची बाकडी त्याचीच. मजकुराखाली एवढी जागा मोकळी राहिलेली त्याला बघवेना. हयातभर कोरत आलेली ओळ त्याने आपल्या पदरची घातली: 'ज्याला ही जागा फार आवडायची.'

"तिचे पैसे नकोत हं," तो हेदरला म्हणाला. "ती मी सगळ्यांनाच घालतो."

बुधवारी बाकडं बसलं. गुरुवारी त्यावर फुलं होती.

"अठरा वर्षांचं पोर गं!" कुत्रं फिरवणारी एक बाई मैत्रिणीला म्हणाली.

"अठराव्या वर्षी जगज्जेता?"

"म्हणूनच गेलं असेल बिचारं. झेपायला नको?"

ग्लेन हॅकशॉ कोण हे ज्यांना ठाऊक होतं त्यांनी वर्षांकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी सरळ टोप्या काढल्या. कुणी मेणबत्ती लावली, कुणी लहान मुलाचे मुष्टियुद्धाचे हातमोजे बांधून ठेवले. फोटो फिरले. गावच्या रेडिओवाल्यांनी खात्री करून घ्यायला ग्लेनला फोन लावला. त्याने उचलला नाही. मेलेला माणूस उचलणार नाहीच, असं धरून त्यांनी संध्याकाळी खास कार्यक्रम ठेवला: 'हॅकशॉने मागे काय ठेवलं?'

त्या वेळी हॅकशॉ माशाच्या दुकानात रांगेत उभा होता. साडेसहा फुटांचा माणूस ओळखू न येणं अवघड. पण मेलेला माणूस आपल्यामागे कॉड आणि चिप्ससाठी ताटकळत असेल, असं कुणाच्या मनात येत नाही. त्यात त्याने दाढी वाढवली होती आणि लोकरीची टोपी कानापर्यंत ओढली होती.

"चांगला होता," रेडिओवरचा जाणकार सांगत होता. "थोर मात्र म्हणता येणार नाही. डावा हात उत्तम. पण कर्टिस अमोआशी तो कधी लढलाच नाही. त्या लढतीवाचून सगळं अर्धवट."

"लढेल कसा? घाबरला होता," रांगेतला एक म्हातारा म्हणाला आणि मागे वळला. "तुम्ही त्याच्यासारखे दिसता हो."

"म्हणतात लोक," ग्लेन म्हणाला.

"वाईट वाटून घेऊ नका. तो तुमच्याहून उंच होता."

मासा तसाच कागदात धरून ग्लेन हेदरच्या स्वयंपाकघरात आला. तिने माफीची वाक्यं जुळवून ठेवली होती. ती सगळी वाया गेली.

"मी मेलो त्याचं काही नाही," तो म्हणाला. "फुलं छान आहेत. पण मी अमोआला घाबरलो? मी?"

"अरे, लोक काहीही बोलतात."

"बोलतात ना? मग दाखवतोच. रियाधला हो म्हणतो."

हेदरच्या हातातला चमचा एल्सीच्या तोंडाऐवजी कानापाशी गेला. ज्या बाकड्याने भावाला घरी बसवायचं, तेच त्याला रिंगणात ढकलायला निघालं होतं.

"रविवारपर्यंत थांब. एवढं ऐक माझं."

दुसऱ्या दिवशी ती बाबागाडीच्या खालच्या कप्प्यात सँडपेपर घालून बाकड्यापाशी गेली. निदान सिरिलची ओळ तरी जावी. 'आवडायची'तला 'आ' जेमतेम पुसट झाला असेल तोच तिच्याभोवती घोळका जमला.

"लाज नाही वाटत? मेलेल्या माणसाच्या बाकड्याला हात लावता? तेही लेकरासमोर!"

"अहो, तो माझा भाऊ आहे!"

घोळका विरघळला. तिला सगळ्यांनी मिठ्या मारल्या. तो जिवंत आहे, असं तिने तीन जणांना सांगितलं, तिघांनीही तिचा हात दाबून म्हटलं, "आपल्या मनात तो कायमच राहणार." संध्याकाळपर्यंत तिच्या दारात खिमा-बटाट्याची भांडी जमली. ती ग्लेनने रिकामी केली.

शनिवारी दुपारी लंडनच्या गाडीने एक धिप्पाड माणूस आला. एका हातात काठी, दुसऱ्यात लिलीची फुलं. एकेका गुडघ्याची समजूत काढत तो बाकड्यापर्यंत पोचला. हेदर तिथेच होती, पुढचं संकट कुठून येतंय ते बघत. ग्लेन आइस्क्रीमच्या टपरीमागे आपल्यासाठी आलेली कार्डं वाचत होता.

"तू त्याची बहीण का?" तो माणूस म्हणाला. "मी कर्टिस अमोआ. पोरी, एक सांगायचं राहून गेलं. आमची लढत तीनदा ठरली होती. तीनदा मी खांदा दुखतो म्हणून सांगितलं." त्याने नाक पुसलं. "खांदा ठणठणीत होता. मला त्याच्या डाव्या हाताची स्वप्नं पडायची गं."

"तीनदा?" टपरीमागून आवाज आला.

ग्लेन बाहेर आला.

कर्टिस अमोआला अख्ख्या कारकिर्दीत कुणी खाली पाडलं नव्हतं. हा त्याचा मोठा अभिमान होता, आणि जाणकार मंडळी अजूनही ते सांगतात. त्याने ग्लेनकडे पाहिलं, मग बाकड्यावरचं नाव वाचलं, पुन्हा ग्लेनकडे पाहिलं, आणि लिलीच्या फुलांसकट तो जमिनीवर बसला.

ग्लेनचा हात सवयीने वर गेला. "एक," तो म्हणाला. "दोन."

"ग्लेन, अरे त्यांना उठव!"

"चार. मध्ये बोलू नकोस. पाच."

टपरीवाली बाहेर आली. सिरिल सायकलवरून उतरला. आठला अमोआने काठी चाचपली. ती बाबागाडीत होती, एल्सीच्या तोंडात. दहा म्हणून झाल्यावर ग्लेनने हात खाली घेतला आणि त्याच हाताने त्याला उठवलं.

"पाय घसरला," अमोआ म्हणाला. "फुलं ओली होती."

"तिघांनी पाहिलंय."

"तू मेला होतास. हे नियमात बसत नाही."

"मेलेल्याने पाडलं तुला. मग तर ते दुप्पट धरायचं."

दोघं बाकड्यावर बसून भांडत होते तेवढ्यात रियाधचा फोन वाजला. ग्लेनने तो उचलला. "कोण, हॅकशॉ?" तो म्हणाला. "तो गेला हो. लाकडावर कोरलंय इथे, डोळ्यांनी बघतोय मी," आणि त्याने फोन ठेवून दिला.

अमोआने पुढे त्याच रस्त्यावर खोली घेतली. समुद्राची हवा गुडघ्यांना बरी, असं तो सांगतो. रोज दुपारी ते बाकड्यावर असतात आणि ती लढत पुन्हा होते. अमोआ आता सातव्या आकड्याला उठतो. ग्लेन अजून कधीकधी एल्सीला हेदर म्हणून हाक मारतो. तेव्हा अमोआ हळूच नाव सांगतो आणि भांडण पुढे चालू ठेवतो.

हेदरने बाकड्यावर नावाखाली एक पाटी लावून घेतली. ती वाचायला मॉरीन मावशी चष्मा पुसून आली. या वेळी सिरिलने पदरची ओळ घातली नाही. जागाच उरली नव्हती.

'वाचणाऱ्यास विनंती. वर नाव आहे तो माझा भाऊ जिवंत आहे आणि दुपारी इथे बसतो. बाकडं रिकामं दिसलं तर मागच्या निळ्या दाराची घंटी वाजवा. उघडलं नाही तर पुन्हा वाजवा. शेगडीवर किटली आहे का, ते विचारा. मग समुद्र बघा.'